एकही कट नाही

सरांच्या शोकसभेत पाच-सहा जण बोलले आणि सगळ्यांनी मिळून एका भलत्याच माणसाला श्रद्धांजली वाहिली. ‘शांत स्वभावाचे’, ‘मितभाषी’, ‘कुणाच्या अध्यात ना मध्यात’. मी दुसऱ्या रांगेत ओठ चावत बसले होते, कारण हसू आवरत नव्हतं. सर असते तर शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढून उभे राहिले असते आणि म्हणाले असते, “‘शांत’ कट. ‘मितभाषी’ कट. आणि हे अध्यात-मध्यात कुणी लिहिलं? आख्खं वाक्य कट!”

त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, तरी डोंबिवलीतली आमची सगळी हौशी नाटकमंडळी त्यांना सर म्हणायची. ठाण्याला एका औषधांच्या कारखान्यात ते गोळ्या तपासायचे. तुटकी, डाग पडलेली, वाकडी गोळी दिसली की बाजूला काढायची, हे त्यांचं काम. घरी येऊन नाटकं लिहायची, हे व्यसन. “दिवसभर मी नापास करत बसतो,” ते म्हणायचे, “आणि संध्याकाळी जे लिहितो ते सगळे पास करतात. ह्याला काही अर्थ आहे का?”

हे दुःख जरा समजावून सांगायला हवं. आपल्याकडे नाटक रंगमंचावर आणायचं तर संहिता आधी सेन्सॉरकडे पाठवावी लागते. तिथे कुणीतरी ती वाचतं, खटकलेल्या वाक्यांवर रेघ मारतं आणि मग प्रमाणपत्र देतं. बाकीचे लेखक त्या रेघांना घाबरतात. सर त्यांची वाट बघायचे. त्यांचं पहिलं नाटक आरशांवर बंदी घालणाऱ्या एका राजाचं होतं. जिथे जिथे कट पडणार अशी त्यांची खात्री होती, तिथे तिथे त्यांनी दीड ओळ कोरी सोडली होती, म्हणजे साहेबांना शेरा लिहायला अडचण नको. संहिता परत आली. एकही कट नाही. दुसऱ्या नाटकात एक खुर्ची माणसांना चावायची आणि चावलेला माणूस तिथल्या तिथे भाषण करायला लागायचा. एकही कट नाही. तिसऱ्यात तर सगळं मंत्रिमंडळच बेडकांचं होतं. त्याला मात्र शेरा आला! पाकिटावर ‘शेरा सोबत’ असं वाचून सरांनी ते फोडायच्या आधी पेढे आणले, आम्हा सगळ्यांना बोलावलं, गळा साफ केला आणि मोठ्याने वाचलं, “पान नऊवर चहा दोनदा येतो. लक्ष द्यावे.”

तो शनिवार-रविवार सर अंथरुणातून उठले नाहीत. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पेढ्यांचं खोकं बंद करत म्हणाल्या, “अहो, पण बरोबर आहे त्यांचं. चहा दोनदा येतोच आहे.”

घरातलं खरं सेन्सॉर काकूच होत्या. सरांच्या ताटातलं मीठ कट, चहातली साखर कट आणि बटाटेवड्यावर तर कायमची बंदी. ह्या बंदीचं सरांना कधी कौतुक वाटलं नाही. तालमीच्या नावाखाली ते स्टेशनजवळच्या गाडीवर उभे असायचे आणि मला बघितलं की वडा पाठीमागे धरून म्हणायचे, “मंजू, तू काही पाहिलं नाहीस.”

लाल पेन मात्र कुणाच्या बापाला घाबरत नव्हतं. लग्नाची पत्रिका आली की आधी ती तपासली जायची. “‘आपण अगत्य येण्याचे करावे.’ खोटं आहे. हॉल एवढासा घेतलाय, चारशे लोक मावणार कुठे? कट.” हॉटेलात मेनूकार्डावरचा ‘स्पेशल’ शब्द ते दिसेल तिथे खोडायचे आणि वेटर तसंच कार्ड पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचा. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरींनी ‘सर्व सभासदांच्या उत्स्फूर्त सहकार्याने’ असं लिहिलं, त्यातलं ‘उत्स्फूर्त’ संध्याकाळपर्यंत गेलेलं होतं. शेवटी सेक्रेटरींनी बोर्डाला काच बसवून कुलूप घातलं. सरांचा चेहरा इतका फुललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ते कुलूप दाखवायचे.

बाहेरच्या खोलीत त्यांचं एक कपाट होतं. त्याला ते ‘बंदी कपाट’ म्हणायचे. जगात कुठेही, कधीही, कुणीही ज्यावर बंदी घातली असं पुस्तक हाती लागलं की विकत घ्यायचं, जुन्या कॅलेंडरचा कागद वर चढवायचा आणि आत ठेवायचं. बाहेरून बघणाऱ्याला नुसते महिने दिसायचे. मी एकदा विचारलं, “सर, ही सगळी वाचलीत तुम्ही?”

“वाचायला कशाला हवीत? बंदी घालणाऱ्यांनी तरी कुठे वाचली होती?”

मी खो खो हसले. सर हसले नाहीत. कपाटाचं दार धरून म्हणाले, “हसू नकोस, मंजू. चाळीस वर्षं मी ओरडतोय. ज्याच्यावर ओरडतोय त्याने निदान कान टवकारावेत की नाही? मला कुणी अडवत नाही, म्हणजे मला कुणी वाचतच नाही.” ते हे अगदी साधेपणाने बोलले. मी पाणी प्यायला आत निघून गेले.

निवृत्त झाल्यावर मोठ्यांच्या नाटकांवरून त्यांचं मन उडालं. “मोठ्यांना धक्का बसत नाही, त्यांना विमा असतो,” असं काहीतरी म्हणून त्यांनी सोसायटीतली मुलं गोळा केली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी एक बालनाट्य लिहिलं. त्याचा नायक होता खड्डा. आमच्या ओळखीचा, सोसायटीच्या फाटकासमोरचा. तो इतका जुना होता की रिक्षावाले पत्ता विचारायचे नाहीत, ‘खड्ड्याजवळ ना?’ एवढंच विचारायचे. नाटकात हा खड्डा शाळेत जायच्या वयाचा होतो. शेजारीपाजारी त्याचं नाव घालायला जातात, तर शाळा जन्मदाखला मागते. दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसात जावं तर तिथला साहेब म्हणतो, असा खड्डाच नाही, कागदोपत्री तो तीनदा बुजवलाय. मग सगळे मिळून ठरवतात की दाखला नसला तर नसला, आपण त्याचा वाढदिवस करू. शेवटी खड्डा प्रेक्षकांकडे बघून ओरडतो, “मी आहे! विश्वास नसेल तर पडून बघा!”

खड्ड्याचं काम करायची तिसऱ्या मजल्यावरची स्वरा. आठ वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. ट्रकच्या जुन्या टायरमध्ये बसून, काळा कागद गुंडाळून ती अशी काही ओरडायची की पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागायचे. सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून तालीम बघायची. प्रयोग ठरला होता वॉर्डाच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं. एकही कट नाही. सरांनी ते उलगडूनसुद्धा पाहिलं नाही.

घोळ झाला तो फ्लेक्समुळे. वाढदिवस म्हटला की आमच्याकडे फ्लेक्स लागतोच. कुत्र्याचाही लागतो. म्हणून नाटकात टांगायला सरांनी एक फ्लेक्स छापायला टाकला. मधोमध खड्ड्याचा फोटो, त्याच्यावर वाढदिवसाची टोपी आणि खाली ‘शुभेच्छुक : समस्त रिक्षाचालक, पंक्चरवाले व हाडांचे डॉक्टर’. आता फ्लेक्सवाल्याची एक रीत होती. वॉर्डातला कुठलाही वाढदिवसाचा फ्लेक्स असो, वरच्या कोपऱ्यात हात जोडलेल्या भाऊंचा फोटो तो न सांगता टाकायचा. भाऊ म्हणजे आमचे माजी नगरसेवक. फोटोखाली ‘माजी’ बारीक अक्षरात असायचं आणि ‘भावी’ ठळक. फ्लेक्सवाल्याने सवयीने हात चालवला. खड्ड्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांत सगळ्यात मोठे भाऊच झाले. आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही, कारण त्या कोपऱ्यात भाऊ नसते तर उलट आम्हाला चुकल्यासारखं वाटलं असतं. आम्ही तो फ्लेक्स हौसेने फाटकावर बांधला, बरोबर खड्ड्याच्या वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहाडच्या माझ्या मावसबहिणीने मलाच त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘हे कुठलं गं? मेले हसून.’ तेव्हा मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि कोपऱ्यातले भाऊ दिसले.

संध्याकाळी तालीम संपून मुलं घरी गेल्यावर बंटी आला. बंटी हा भाऊंच्या ऑफिसातला, मोटारसायकलवर कायम अर्धा बसलेला मुलगा.

“काका, हे कोण लिहितो?”

“मी लिहितो,” सर उभे राहिले.

“मस्त आहे हां. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू? पण भाऊंचं डोकं फुल फिरलेलं आहे. तो फ्लेक्स मी काढलाय. आणि नाटक पण राहू द्या आता. हॉलचं बुकिंग कॅन्सल झालं.”

“कॅन्सल? कशासाठी?”

“तांत्रिक कारण आहे.”

“कोणतं?”

“ते अजून ठरलं नाय काका.”

मला वाटलं सर भडकतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला. “म्हणजे,” ते कुजबुजले, “बंदी?”

“बंदी-बिंदी काय नाय हो! प्रेमाने सांगतोय.”

“नाही नाही, प्रेमाने नको! बंदीच म्हणा. आणि मला लेखी द्या.”

“लेखी कशाला?”

“फ्रेम करायला!”

बंटी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी घाबरला असावा. त्याने गाडीला किक मारली आणि गेला. सर मात्र सुटले. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते भाऊंच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले. तिथे कुणी नळजोडणीसाठी आलेलं असायचं, कुणी शाळेच्या प्रवेशासाठी आणि सर बंदीसाठी. मसुदा ते स्वतःच करून न्यायचे. “‘सदर नाटक अत्यंत स्फोटक असल्याने’ असं घातलंय. ‘अत्यंत’ जास्त वाटत असेल तर काढा, पण खाली सही करा.” कुणीही सही करेना. शेवटी बंटीचा मला फोन आला. “ताई, तुमच्या सरांना आवरा ना प्लीज. भाऊ मागच्या दाराने ये-जा करतायत. परवा भिंतीवरून उडी मारली त्यांनी, पाय मुरगळलाय.”

घरी तर दिवाळीच होती. सर पुन्हा पेढे घेऊन आले. फोन करकरून गावभर सांगत होते, “ऐकलंत का? मी आता बंदी घातलेला लेखक!” काकूंनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि सरांच्या समोरून खोकं नेलं.

ह्या आनंदात मुलांना काही सांगायचं राहूनच गेलं होतं. एका संध्याकाळी मी आणि सर पार्किंगमध्ये उभे होतो, तेवढ्यात स्वरा टायर घरंगळवत आली. मागे बाकीची मुलं. कुणी डॉक्टर झालेलं, कुणी रिक्षावाला.

“सर, आज पण तालीम नाही?”

“अगं, मोठी बातमी आहे! आपल्या नाटकावर बंदी आली!” सर टाळी द्यायला हात पुढे करत म्हणाले.

स्वराने टाळी दिली. “म्हणजे आपण जिंकलो?”

“जिंकलो!”

“मग नाटक कधी?”

“नाटक नाही, बाळा. बंदी म्हणजे नाटक करायचं नाही.”

स्वराने जरा विचार केला. “मग जिंकलं कोण?”

सरांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे. स्वराचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि मग ती टायरवर बसून भोकाड पसरून रडली, आणि तिचं बघून बाकीचीही. छोटा रिक्षावाला तर हॅंडल हातात धरून रडत होता. मलाही भरून आलं, लपवत नाही.

सर वर घरात आले आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. “मी मूर्ख माणूस आहे, मंजू,” ते म्हणाले. “मला वाटायचं बंदी म्हणजे पदक. लेखकाच्या छातीवर लावायचं. ते ज्याच्या तोंडावर लावतात त्याचं काय होतं हे मी कधी बघितलंच नव्हतं.” खिशातलं पेन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांत ते त्यांच्या खिशाबाहेर, टोपण लावून पडलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मला खरंच भीती वाटली.

काकू कणीक मळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “नाटकाला हॉल लागतो, सेन्सॉर लागतं, परवानगी लागते. वाढदिवसाला काय लागतं?”

“काय लागतं?”

“केक. रविवारी सकाळी खड्ड्यापाशीच करा की त्याचा वाढदिवस. वाढदिवसाला मुलं बोलतात, गातात, नाचतात. कोण अडवणार आहे?”

“अगं, पण बंदी आहे ना!”

“कुठे आहे?” काकू म्हणाल्या. “लेखी आहे का?”

सर टुणकन उठले. त्यांनी काकूंचे कणकेचे हात धरले आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. काकू ओरडत होत्या, “अहो, गुडघा! गुडघा!”

आमंत्रण काकूंनीच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. ‘आपल्या खड्ड्याचा वाढदिवस, रविवारी सकाळी, जागेवरच.’ दोन तासांत ते सगळ्या वॉर्डात गेलं. भाऊंपर्यंतही गेलं असणारच.

रविवारी मी पोचले तेव्हा फाटकासमोर ही गर्दी. रिक्षा ओळीने लागलेल्या, मुलं नटलेली, काकूंच्या हातात केक, त्यावर क्रीमने ‘खड्डा’ लिहिलेलं. आणि सगळे खाली रस्त्याकडे बघत होते. मी गर्दीतून पुढे घुसले. खड्डा नव्हता. त्याच्या जागी ताज्या डांबराचा काळाशार, गुळगुळीत चौकोन होता, अजून वाफा येत होत्या.

“पहाटे रोलर आला,” तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले. “मला वाटलं, मला झटका आला.”

बंटी समोरच मोटारसायकलवर अर्धा बसला होता. “करा आता वाढदिवस,” तो म्हणाला. “कुणाचा करणार?”

सर चौकोनाच्या कडेला जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मी धावले, काकू धावल्या. जवळ जाऊन बघते तर सर हसत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“मंजू, कट!” ते ओरडले. “कट पडला! अगं, वाक्य नाही, आख्खं पात्र कापलं! पहाटे उठून कापलं! वाचलं त्यांनी माझं नाटक, शेवटपर्यंत वाचलं!” त्यांनी काकूंना मिठी मारली, मला मारली, तळमजल्यावरच्या आजोबांना मारली आणि बंटीच्याही दिशेने निघाले, पण तो गाडीमागे सरकला.

“सर,” स्वरा टायरमधून म्हणाली, “आता मी काय होऊ?”

सर तिच्यापुढे उकिडवे बसले. “तू बुजलीस, बाळा. आता तू खड्ड्याचं भूत.”

पोरीचे डोळे असे चमकले! काकूंनी कुंपणावर वाळत घातलेली कुणाची तरी पांढरी चादर ओढली आणि तिच्या डोक्यावरून टाकली. वाढदिवसाचं तिथल्या तिथे तेरावं झालं. केकचं नाव तेराव्याचं गोडधोड. डॉक्टर आणि पंक्चरवाले धंदा बुडाला म्हणून गळ्यात गळा घालून रडले, रिक्षावाला हाय खाऊन पडला. प्रयोग त्या चौकोनावरच झाला, कारण सगळ्या रस्त्यावर सपाट जागा तेवढी एकच होती. आणि शेवटी चादरीतलं भूत दोन्ही हात वर करून किंचाळलं, “मी परत येणार! पावसाळा येऊ दे, मग बघा!”

असा हशा मी कुठल्याच नाट्यगृहात ऐकलेला नाही. रिक्षावाले सीटवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. बंटी शूटिंग करता करता इतका हसला की मोबाईल हातातून निसटला. तेवढ्यात तो मोबाईल वाजला, पडद्यावर ‘भाऊ’ आलं, आणि बंटीने तो खिशात टाकला. “रेंज नाय इथे,” तो माझ्याकडे बघून म्हणाला.

केक संपला तरी लोक जाईनात. सरांभोवती कोंडाळं झालं. मागच्या गल्लीतल्या एक आजी पुढे आल्या. “अहो सर, आमच्या गल्लीतला दिवा किती महिने बंद आहे. त्याच्यावर एक नाटक लिहा ना.”

“आमच्याकडे पाणी येत नाही,” कुणीतरी मागून म्हणालं. “मोठं नको, एकांकिका चालेल.”

“कचराकुंडीवर लिहा, सर! तीन अंकी लिहा!”

मग बंटी हळूच गर्दीतून आत आला. इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, “सर, माझ्या घरासमोर एक उघडं गटार आहे. आई पडलेली त्यात गेल्या वर्षी. भाऊंना चार वेळा बोललो. जमेल का काही?”

सरांच्या चपला डांबरात चिकटल्या होत्या, चष्म्यावर क्रीम लागलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, बंटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसवून स्वतः त्याच्या शेजारी बसले.

“सावकाश सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासून सांग. मी ऐकतोय.”